मासे नाहीत, विचारू नये

परवा एका ग्रुपवर कुणीतरी फोटो टाकला. खाऱ्या पाण्याच्या टाकीतला मासा, अंगावर मीठ शिंपडल्यासारखे पांढरे ठिपके, आणि खाली लिहिलेलं, 'काय करू? प्लीज लवकर सांगा.' मी लगेच टाइप करायला घेतलं. चार ओळी झाल्यावर वाचून बघितलं तर माझं पहिलंच वाक्य होतं, 'आधी हात टाकीतून बाहेर काढा आणि घरच्यांना लांब उभं करा.'

हे माझं नाही. हे शम्मू मिस्त्रीचं. तो माणूस माझ्या तोंडात शिरून बसलाय, आणि मला तो आवडत नव्हता. अजूनही आवडत नाही. आत्ताच सांगून टाकते, म्हणजे पुढं वाचताना 'वरून कडक, आतून गोड' असं काही निघेल म्हणून वाट बघत बसू नका. आतूनही तो तसाच होता.

अंबाजोगाईत बस स्टँडच्या मागं त्याचं फ्रीज-एसी दुरुस्तीचं दुकान. आमचं घर परळी रोडला. पप्पा राजकारणात आहेत, त्यामुळं हॉल मोठा, आणि हॉलमध्ये सोफ्यापेक्षा लांब टाकी. साधी नाही, समुद्राची. पप्पांनी हैदराबादच्या एका हॉटेलात बघितली आणि घरी येऊन म्हणाले, आपल्याला पाहिजे. झालं. उन्हाळ्यात आमच्या गल्लीत टँकरमागं बादल्या घेऊन बायका पळतात आणि आमच्या हॉलमध्ये अख्खा समुद्र! जिवंत कोरल, कोळंब्या, निळे-पिवळे मासे. त्यातली नारिंगी जोकर माशांची जोडी माझी होती. म्हणजे सगळेच आमचे, पण ती दोन मी निवडलेली, मी चारलेली. मोठी मादी माझा हात दिसला की काचेला नाक लावायची.

एप्रिलमध्ये पाणी थंड ठेवणारं मशीन बंद पडलं. हैदराबादचा माणूस म्हणाला, आठ दिवसांनी येतो. आठ दिवसांत माशांचं कालवण झालं असतं. तेव्हा कुणीतरी सांगितलं, शम्मू मिस्त्रीला बोलवा, त्यानं हैदराबादेत माशांच्या दुकानांची हीच मशिनं कित्येक वर्षं दुरुस्त केलीत.

आला. बारीक, उंच, शर्टाच्या खिशात पट्टा नसलेलं घड्याळ. कुणाला नमस्कार नाही, सलाम नाही, सरळ टाकीसमोर जाऊन उकिडवा बसला, घड्याळ बाहेर काढलं आणि माशांच्या कल्ल्यांकडं बघत बसला. श्वास मोजत होता. मी म्हटलं, "चाचा, चहा घेणार?"

"चाचा न्हाई. मिस्त्री. अन् चहा न्हाई. हात दाखव."

मी दाखवले. त्यानं वास घेतला.

"क्रीम लावलीय. ह्याच हातानं चारा टाकतीस?"

"हो."

"काय शिकायलीस?"

"बी. फार्म."

"मग तर लईच अवघड हाय," म्हणाला, आणि त्या दिवसापासून माझं नाव 'फार्मसी' पडलं. चारचौघांत, पाहुण्यांसमोर, पप्पांच्या माणसांसमोर. "ओ फार्मसी, हात धू. कोपरापर्यंत. साबण लावू नको."

मशीन दोन तासांत चालू झालं. पप्पांनी टाकीची सगळी देखभालच त्याच्याकडं दिली. आठवड्यातून दोनदा यायचा. करंगळी बुडवून पाण्याचा एक थेंब जिभेवर ठेवायचा आणि मग मीठ मोजायच्या यंत्रातून बघायचा. दोन्ही जुळले नाहीत तर यंत्राला शिवी. बोलताना तोंडाकडं बघायचा नाही, छातीकडं बघायचा, तिथंही श्वास मोजायचा. एकदा एका जाड्या सभापतींना म्हणाला, "तुमचं बीपी बघून घ्या, कल्ले लई जोरात चालायलेत." ते बिचारे पप्पांकडं बघत बसले.

आता आमच्याकडची एक पद्धत सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. पप्पांच्या वाढदिवसाला शाल, नारळ, हार, फेटा हे सगळं व्हायचंच. पण टाकी आल्यावर कार्यकर्त्यांना कळलं की साहेबांना मासे आवडतात. मग काय, शालीऐवजी मासा! कुणी पुण्याहून आणला, कुणी हैदराबादहून. फुगवलेल्या पिशवीत मासा, पिशवीला रिबीन, पप्पांच्या हातात द्यायचा, फोटो काढायचा, आणि टाळ्यांमध्ये टाकीत सोडायचा. सत्कारच तो. नाही म्हणता येत नाही.

मिस्त्री 'न्हाई' म्हणाला. पहिल्याच वाढदिवसाला तो टाकीच्या झाकणावर हात ठेवून उभा राहिला.

"फोटो काढा. मासा हिकडं द्या. दीड महिना बाजूला राहील."

"अरे मिस्त्री, सरपंच आहेत ते, तेलगावचे!"

"सरपंच आत जाऊ द्या. मासा न्हाई."

त्यानं दुकानात मागच्या खोलीत पांढरे टब मांडले होते, आणि प्रत्येक टबावर मार्करनं मासा देणाऱ्याचं पद लिहिलेलं. 'सरपंच'. 'उपसभापती'. 'युवक अध्यक्ष'. प्रत्येक टबाला वेगळी जाळी, वेगळा मग. एकाचा मग दुसऱ्यात गेला तर तो मगच फेकून द्यायचा. सरपंच दर चार दिवसांनी फोन करायचे, "मिस्त्री, माझा कवा सुटणार?" जामीन असल्यासारखं. आणि हा म्हणायचा, "तुमचा लई खाज सुटलेला हाय. अजून ठिवतो."

मी एकदा विचारलं की एवढं कशासाठी. चूक केली. त्यानं मला अर्धा तास उभं केलं.

"त्यो किडा दिसत न्हाई. माशाच्या कातड्याखाली घुसतो, खातो. आपल्याला नुसता ठिपका दिसतो. पाच-सात दिवसांनी पोट भरलं की खाली पडतो. तू म्हणतीस, बरा झाला मासा! पेढे वाटतीस. त्यो तिकडं वाळूत शिपी करून बसतो, एकाचे शंभर करतो. अन् कवातरी शिपी फुटती अन् शंभरच्या शंभर पुना माशावर. तुज्या बापाचे कार्यकर्तेच की. अंगाला चिटकायचं, खायचं, गावात जाऊन शंभर करायचे, अन् पुना अंगावर."

मी चिडून म्हटलं, "मिस्त्री, पप्पांबद्दल बोलू नका."

"बापाबद्दल कुठं बोललो? बाप मासा हाय."

दुसऱ्या वर्षीच्या वाढदिवसाला मिस्त्री नव्हता. भाचीच्या लग्नाला दहा-बारा दिवस हैदराबादला गेला होता. जाताना मला, एकटीलाच, बाजूला घेऊन बोलला, "झाकण उघडायचं न्हाई. देव आला तरी."

देव नाही आला. युवक अध्यक्ष आला. फोटोग्राफर घेऊन, पिवळाधमक मासा घेऊन. म्हणाला, "ताई, मागच्या टायमाला माझा मासा टबात ठेवला त्यानं, लोक हसले मला. साहेबांसमोर एकदा सोडू द्या." पप्पांनी माझ्याकडं बघितलं. ढोल वाजत होता. मासा इतका सुंदर, इतका स्वच्छ होता, अंगावर एक डाग नाही! मी झाकण उघडलं.

बरोबर आठव्या दिवशी सकाळी माझ्या मादीच्या शेपटीवर तीन पांढरे ठिपके. दहाव्या दिवशी सगळ्यांवर. मासे दगडांना अंग घासायला लागले.

मिस्त्रीला फोन केला तर तो परतीच्या वाटेवर होता, गाडी अजून चार तास लांब. आणि तेवढ्यात तेलगावहून आमचे काका आले. पप्पांचे मोठे भाऊ, डाळिंबाची बाग आहे त्यांची, अख्खा गाव त्यांना फवारणी विचारायला येतो. काकांनी चष्मा लावून काचेतून बघितलं आणि दोन सेकंदांत निकाल दिला.

"भुरी हाय ही."

"काका, मासा आहे तो."

"मासा असू दे न्हाईतर पान असू दे. पांढरं पडलं की भुरी. मोरचूद सोडा."

मोरचूद म्हणजे तांब्याचं ते निळं औषध, बागेवर चुन्यात कालवून मारतात. त्यांच्या गाडीत पुडा होताच. मी अडवलं का? नाही अडवलं. मला तर वाटलं, तांबं परजीवींवर चालतं हे मी पुस्तकात वाचलंय, काका बरोबरच सांगतायत! फार्मसी ना मी. काकांनी फडक्यात मूठभर बांधून पोटली टाकीच्या कोपऱ्यात सोडली. पाण्याला हलकी निळसर झाक आली. छान दिसत होतं.

मिस्त्री आला तेव्हा सगळ्या कोळंब्या उताण्या पडलेल्या. कोरल मिटून, शेंबूड सुटल्यासारखं गळत होतं. त्यानं पोटली बाहेर काढली, वास घेतला.

"कुणी?"

काका ताठ म्हणाले, "मी. आमच्या बागेत चालतंय."

"बागेत कोळंबी लावलीय का?"

 मिस्त्रीनं पुढं विचारलं, "अन् मासा कुणी सोडला?"

 सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. आईनं, ड्रायव्हरनं, पप्पांनीसुद्धा. मला वाटलं आता ओरडेल. ओरडला असता तर बरं झालं असतं. तो माझ्याकडं न बघता म्हणाला, "शिकलेली हाय म्हणतेत," आणि मासे पकडायला लागला.

त्या एका वाक्यासाठी मी त्याला माफ केलेलं नाही.

तो सगळेच्या सगळे मासे घेऊन गेला. दुकानातल्या टबांत ठेवले आणि तिथं काय टाकलं माहितीये? तांबं! मी बघितलं आणि उसळलेच. "मिस्त्री, तुम्हीपण तेच टाकताय की! काकांना एवढं बोललात!"

"टाकतो. मोजून. रोज दोनदा तपासून. टबात, जिथं मासा सोडून दुसरं जित्तं काय न्हाई. तू दवाखान्यात पेशंटला दवा देतीस, का पेशंट, नातेवाईक अन् बाकडं समद्यांलाच पाजतीस?"

पंधरामधले दहा गेले. माझ्या जोडीतला नरही गेला. मादी राहिली. एकूण पाच वाचले. आणि मिस्त्रीनं पप्पांना सांगितलं, टाकी अडीच महिने रिकामी राहील. एक मासा नाही. तांब्यानं वाळूतल्या शिप्या मेल्या नाहीत, त्या फुटतील तेव्हा फुटतील, पण बाहेर आलेल्या किड्याला खायला मासा मिळाला नाही की तो एक-दोन दिवसांत उपाशी मरतो. उपास घालायचा टाकीला, बस.

पप्पांच्या हॉलमध्ये रोज पन्नास माणसं. प्रत्येकजण विचारायचा, "साहेब, मासे कुठं गेले?" शेवटी मिस्त्रीनंच काचेवर कागद चिकटवला. 'मासे नाहीत. विचारू नये.' मग लोक कागदाबद्दल विचारायला लागले. पप्पा कागद फाडायचे, मिस्त्री आला की नवा लावायचा. एकमेकांशी बोलायचे नाहीत, कागदातूनच भांडायचे.

आणि मी? मी रोज कॉलेज सुटलं की दुकानात जायचे. मादीला बघायला. तो म्हणायचा, "दारातून बघ." दारातून टब दिसायचा, मासा नाही. मी तशीच उभी राहायचे. हट्टानं. तो तसाच काम करायचा. हट्टानं.

सात आठवडे झाले असतील आणि पप्पांना निरोप आला. मुंबईहून मोठे नेते रविवारी चहाला येणार. तिकिटाचं त्यांच्याच हातात. घर रंगवून निघालं, सोफ्याची कव्हरं बदलली, आणि मग पप्पांची नजर टाकीवर गेली. एवढी मोठी, दिवे लावलेली, रिकामी. मला म्हणाले, "जा, मासे घेऊन ये. ते असल्या रिकाम्या टाकीसमोर बसणार का?"

"पप्पा, अजून तीन आठवडे..."

"आण."

मी गेले. मिस्त्रीला सांगितलं. तो सुईसारख्या नळीनं टबातली घाण ओढत होता. मान वर न करता म्हणाला, "देत न्हाई."

"माझ्या हातात नाही हो ते. आता सोडले तर?"

"आता सोडले तर मरतेल. तुला ठाव हाय. तू बघितलंस."

मी बघितलं होतं. नर मेला त्या दिवशी त्याच्या अंगावर कातडी राहिली नव्हती. मला एकदम सुचलं. "मी सांगते पप्पांना, पाचही मेले म्हणून. तुम्ही ठेवा तुमच्याकडं."

तो नळीतून पाणी ओढत राहिला. मला वाटलं, हो म्हणाला.

घरी जाऊन मी चेहरा पाडून सांगितलं, "पप्पा, मेले सगळे."  आईनं 'अरे देवा' म्हटलं. आणि तेवढ्यात पप्पांचा फोन वाजला. पप्पांना स्पीकरवर बोलायची सवय आहे.

"साहेब, मिस्त्री बोलतो. तुमची पोरगी सांगल मासे मेले. मेले न्हाईत. टबातनं वाचलेला मासा माज्या हातात मरत न्हाई. पाचबी जित्ते हायत अन् देत न्हाई."

मी पप्पांकडं बघू शकले नाही. सांगा मला, ह्या माणसाला काय म्हणायचं? मी त्याच्यासाठी खोटं बोलले! म्हणजे माझ्या माशासाठी, पण त्याच्यासाठीसुद्धा! आणि त्याला काय पडलेलं, तर आपल्या हातचे मासे मेले असं गावात कुणी म्हणू नये.

पप्पा एकदम थंड आवाजात म्हणाले, "मिस्त्री, मासे कुणाचे?"

"तुमचे."

"टाकी कुणाची?"

"तुमचीच. तिच्यात किडा हाय."

"रविवारी दोनपर्यंत मासे टाकीत पायजेत. न्हाईतर पोरं पाठवतो."

पलीकडून टबांचे पंप चालल्याचा आवाज येत होता. मग म्हणाला, "पोरं पाठवू नका. बादलीत आणतेल ते. मी आणतो."

रविवारी बाराला आला. थर्माकोलच्या पेटीत पाच मासे. मला वाटलं पेटी उलटी करून ओतेल आणि निघून जाईल, रागानं. पण नाही. हॉलच्या मधोमध फरशीवर बसला, सलाईनची नळी काढली, एक टोक टाकीत, एक पेटीत, नळीला गाठ मारून थेंब थेंब पाणी सोडायला लागला, म्हणजे माशांना नव्या पाण्याची हळूहळू सवय व्हावी. दीड तास. कार्यकर्ते त्याला ओलांडून ये-जा करत होते. युवक अध्यक्ष म्हणाला, "ओत की बे एकदाचं."

"तुला ओतू का?"

नेते आले. सगळे उठले, हा उठला नाही. थेंब मोजत होता. त्यांनी हसून विचारलं, "हे काय चाललंय?"

"मारायला आणलेत साहेब. पण नीट मारायलो."

 मग नेते मोठ्यानं हसले, म्हणून सगळे हसले. पप्पापण हसले. त्यांच्या कपाळावरची शीर मला दिसत होती.

मग त्यानं मगात एकेक मासा घेतला आणि सोडला. आपल्या टबातलं तांब्याचं पाणी टाकीत जाऊ न देता, हाताच्या ओंजळीतून. एक. दोन. तीन. चार. ते चार नंतर कसे गेले ते मी लिहीत नाही. नवव्या दिवसापासून सुरू झालं एवढंच सांगते. नेत्यांनी टाकीसमोर एक फोटो काढला, तोही मोबाईलकडं बघत.

पाचवी माझी मादी होती. मगात घेतली. खिशातून घड्याळ काढलं, तिचे श्वास मोजले. आणि मगावर ओला टॉवेल टाकून उठला.

"मिस्त्री," पप्पा म्हणाले.

"चार सोडले. मोजून घ्या."

"पाच होते."

"ही न्हाई."

नेते बसलेले. पप्पांना आवाज चढवता येत नव्हता, आणि ते मिस्त्रीला चांगलं माहीत होतं. तो माझ्या अंगावरून गेला, माझ्याकडं न बघता. मी मागं गेले.

पोर्चमध्ये शंभर चपलांचा ढीग. दोन्ही हातांनी मग धरलेला, त्यामुळं तो पायानं चपला उलट्यापालट्या करत होता आणि प्रत्येक चपलेच्या मालकाला एक शिवी देत होता. त्याची चप्पल कुणाच्या तरी पांढऱ्या बुटाखाली अडकली होती. मी बूट बाजूला केला. त्यानं पाय घातला.

"जगेल का?" मी विचारलं.

"तुज्यापासून लांब राहिली तर."

आणि निघाला. समोरून आमच्याकडं येणाऱ्या गाड्यांची रांग लागली होती, झेंडे लावलेल्या, एकामागं एक. हॉर्न वाजत होते. कुणीतरी खिडकीतून डोकं काढून ओरडलं, "ए म्हाताऱ्या, सरक!" तो सरकला नाही. रस्त्याच्या बरोबर मधून, मगातलं पाणी हिंदकळू नये म्हणून एकेक पाऊल जपून टाकत चालला होता. सगळ्या गाड्या जागेवर थांबल्या होत्या, आणि तो खाली मान घालून एका बोटानं टॉवेलाची कड उचलून आत बघत होता.